कधीपर्यंत हवंय?

“चौकशी म्हणे. एवढ्या मोठ्या अक्षरांत पाटी लावलीय, वर लाल बाणसुद्धा काढलाय... आणि बाणाखाली माणूसच नाही. दार तसलं, बकरीचा गळा दाबल्यासारखं ओरडणारं. तीन मजले, लाखभर पुस्तकं, आणि विचारायचं कुणाला? या स्टेपलरला?”

ही कुरकुर ती टेबलाखाली बसून ऐकत होती. कॉम्प्युटरची वायर कुठून सुटलीय ते शोधायला ती खाली शिरली होती. दोन्ही गुडघे धुळीत, केसांत जळमट, आणि नाकासमोर वीतभर अंतरावर एक बुटांची जोडी. बूट स्वच्छ पुसलेले. पण एकाची नाडी काळी आणि दुसऱ्याची तपकिरी. आणि बुटांना स्वस्थता कशी ती नव्हती... टाचेवरून चवड्यावर, चवड्यावरून टाचेवर.

“स्टेपलरला नका विचारू,” ती खालूनच म्हणाली. “त्याच्यात पिना नाहीत. उगीच चिडेल.”

बूट दोन पावलं मागे उडाले.

ती वर आली. समोर पस्तिशीचा, किडकिडीत, कपाळावर आठी आणि कान लाल झालेला एक गृहस्थ उभा होता. कान लाल होणारी माणसं बरी असतात, असं तिची वहिनी म्हणायची. अर्थात वहिनी बरंच काही म्हणायची.

“मी... दाराबद्दल बोलत होतो,” तो म्हणाला.

“दाराबद्दल सगळेच बोलतात. दार कुणाचं ऐकत नाही. बोला, काय हवंय?”

“मला मिठाबद्दल काहीतरी हवंय.”

आता इथे थोडं थांबून सांगायला हवं. विद्यापीठाच्या त्या ग्रंथालयात तिला नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. चौकशीच्या टेबलावर नऊ वर्षं बसली म्हणून ती ‘चौकशी’च झाली होती. “चौकशी, चहाला येतेस?” “चौकशीला आज सर्दी झालीय.” तिच्या उजव्या हाताला देवघेवीचा काउंटर, तिथे पुस्तकं देणारी, घेणारी, तारखेचे शिक्के हाणणारी पन्नाशीची बाई बसायची, ती देवघेवबाई. नऊ वर्षांत एकमेकींच्या डब्यात काय आहे हे झाकण न उघडता ओळखण्याइतकी दोघींची जवळीक झाली होती.

चौकशीचं काम बाहेरून बघणाऱ्याला काहीच वाटत नाही. लोक येतात, विचारतात, ती सांगते. पण तिला हे काम शिकवणारे जुने ग्रंथपाल निवृत्त होताना म्हणाले होते, “पोरी, वाचक पहिल्यांदा जे विचारतो ना, ते त्याला हवं नसतं. कुणी लाजतो, कुणी घाबरतो, कुणाला स्वतःलाच ठाऊक नसतं. तू फक्त तीन गोष्टी विचारायच्या. काय हवंय, कशासाठी हवंय, कधीपर्यंत हवंय. तीन उत्तरं मिळाली की पुस्तक आपण होऊन पुढे येतं.” आणि त्यांनी तिला लांबट नोंदवही आखून दिली होती. प्रत्येक प्रश्नाची एक ओळ. क्रमांक, तारीख, आणि पुढे तीन रकाने. काय. कशासाठी. कधीपर्यंत.

“मीठ,” ती म्हणाली. “खायचं, खाणीतलं की समुद्रातलं?”

“भिंतीवरचं,” तो म्हणाला. “जुन्या भिंतीतून पांढरं पांढरं फुटतं ना, ते.”

“ते का फुटतं हे हवंय, की कसं थांबवायचं हे?”

त्याने तिच्याकडे जरा रोखून पाहिलं. “थांबवायचं.”

“घराची भिंत की मोठ्या इमारतीची?”

“खोली आहे. भाड्याची. उशाकडची भिंत.”

तिने बोटाने दिशा दाखवली नाही. बोट दाखवणं हे त्या टेबलावरचं सगळ्यात मोठं पाप. ती उठून त्याच्याबरोबर गेली, दुसऱ्या मजल्यावर, बांधकामाच्या रांगेत, खालून दुसऱ्या फळीवर... आणि चार मिनिटांत पुस्तक त्याच्या हातात होतं, योग्य पानावर उघडलेलं. तो पानाकडे बघायचा सोडून घड्याळाकडे बघत होता. हे तिच्या लक्षात आलं, पण तेव्हा तिने त्याचा वेगळा अर्थ लावला. घाईत असेल बिचारा.

“कधीपर्यंत हवंय?” खाली आल्यावर तिने सवयीने विचारलं.

“घाई नाही,” तो म्हणाला, आणि कान पुन्हा लाल.

मग घड्याळ कशाला बघत होता? तिने पेन्सिल उचलली, आणि का कोण जाणे, तिसरा रकाना तसाच सोडून दिला.

*

तो पुन्हा आला. दोन दिवसांनी तराजूबद्दल विचारायला, मग आरशामागच्या पाऱ्याबद्दल, मग जुन्या टपालखात्याच्या शिक्क्यांबद्दल. प्रश्न नेहमी असा मोघम टाकायचा की त्याला धरून ओढत ओढत नेमक्या जागी आणावं लागे. तिला ते आवडायचं. बाकीच्यांना प्रश्नांचा कंटाळा येतो. हिला प्रश्न म्हणजे गाठ पडलेला दोरा, नखाने हळूच सैल करायचा.

देवघेवबाईने त्याचं नाव ‘कुरबुरे’ ठेवलं, कारण तो आला की काही ना काही कुरबुर करीतच यायचा. पंखा आवाज करतो. खुर्ची डुगडुगते. दार तर काय, रोजचंच.

“कुरबुऱ्यांची गाडी आली बघ,” दार किंचाळलं की देवघेवबाई शिक्क्यावरची नजर न काढता म्हणायची.

“येऊ देत. वाचक आहेत.”

“वाचक तर सगळेच आहेत. पण बाकीच्या वाचकांसाठी तू केसांतली पिन काढून परत लावत नाहीस.”

“सैल होते ती.”

“मंगळवारी आणि शुक्रवारीच?”

त्या काळात तिच्या जिवाला एक विचित्र घोर लागला. बसल्या जागी चैन पडेना. पेन्सिली होत्या नव्हत्या तेवढ्या टोकदार करून झाल्या. दाराकडे पाठ करून काम करायची तिची जुनी सवय, ती सुटली. दार किंचाळलं की मान वळायची, आणि आत भलताच कुणी शिरलेला दिसला की तिला त्या निष्पाप विद्यार्थ्याचा राग यायचा. वाऱ्याचे दिवस होते. वाचनकक्षाच्या खिडक्या थडथडायच्या, टेबलांवरचे कागद उडायचे, आणि तिला वाटायचं, आपल्यालाही कुणीतरी वजन ठेवून एका जागी दाबून धरावं.

तो असा चांगला वाकडा बोलायचा. एकदा म्हणाला, “तुम्ही सगळ्यांना एवढे प्रश्न विचारता, तुम्हाला कुणी विचारतं का?”

“मला काय विचारायचंय? मी टेबलाची ही बाजू. प्रश्न त्या बाजूने येतात.”

“बाजू बदलायची सोय नाही?”

“तशी नियमावलीत तरतूद नाही,” ती म्हणाली, आणि नोंदवहीत मान घालून हसली. त्याच्याकडे बघून हसायची तिची छाती नव्हती.

दिवस गेले तसे त्याचे प्रश्न जरा तिरके होत गेले. डावखुऱ्या माणसांना साधी कात्री कशी चालवता येते? तिने शोधून दिलं. खिडकी नसलेल्या कोपऱ्यात कुठलं रोप जगतं? दिलं. एका भुरभुर पावसाच्या दुपारी तो देवघेवबाईची मागून घेतलेली छत्री ठिबकवत आला आणि विचारलं, स्वेटरच्या बाहीवर साखळीसारखा जो टाका असतो त्याला काय म्हणतात?

“कशासाठी हवंय?”

“असंच... बघितला कुठेतरी.”

‘कशासाठी’च्या रकान्यात तिने ‘असंच’ लिहिलं. ‘कधीपर्यंत’ तर ती हल्ली विचारतच नव्हती. विचारलं आणि त्याने खरंच एखादी तारीख सांगितली तर?

*

घरी बाबा, दादा, वहिनी आणि ती. बाबा आयुष्यभर बस डेपोत वेळापत्रक लिहीत आलेले; निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी कुठली गाडी कधी सुटते हे झोपेत सांगायचे. तीन वर्षांपूर्वी तिचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. मुलाला ऐनवेळी दुसरीच कुणी आवडली, आणि सांगायला त्याने मामाला पाठवलं. तेव्हापासून त्या घरात काही शब्द बोलायचे नाहीत असं न ठरवता ठरलं होतं. टीव्हीवर कुणाची वरात दिसली तरी दादा चॅनेल बदलायचा. तिची काळजी म्हणून हं. पण काळजीच्या त्या शांततेत तिलाही स्वतःचं काही बोलायची सवय राहिली नव्हती.

एक वहिनी तेवढी खोड्या काढायची.

“वन्सं, तुझा ग्रंथालयातला कप आणलास का घरी? कान तुटलेला? फेकायचा का?”

“नको, चिकटवणार आहे. कशाने चिकटवायचा ते परवाच एका वाचकाने विचारलं होतं.”

“वाचकाचा पण कान तुटलाय का?”

“वहिनी.”

“मी काय म्हटलं? मी कानाबद्दल बोलतेय.”

*

बुधवारी तिला झेरॉक्स मशीनमध्ये तो कागद सापडला.

तसं तिथे रोज काही ना काही सापडतं. माणसं झेरॉक्स घेऊन जातात आणि मूळ कागद काचेवरच विसरतात. तिने झाकण उचललं, कागद उलटा केला. वर छापलेलं होतं: ग्रंथालय सेवेचा दर्जा, गुप्त पाहणी. चौकशी टेबल. खाली दहा प्रश्न, एकाखाली एक.

पहिला: ‘मिठाबद्दल काहीतरी हवंय.’ पुढे सूचना: ‘मुद्दाम मोघम विचारावे. उलट प्रश्न करून नेमकी गरज शोधतात का, हे पाहावे. वेळ मोजावी.’

तराजू. आरसा. शिक्के. सगळे तिथे होते, रांगेत, हजेरी दिल्यासारखे. समोर त्याच्या बारीक अक्षरात मिनिटं आणि गुण. उत्तर बरोबर: पाच. सोबत येऊन पुस्तक दिले: पाच. आणि सगळ्यात खाली, हसतमुख: तीन. शेरा: ‘वाचकाकडे न बघता नोंदवहीकडे बघून हसतात.’

घड्याळ बघत होता तो. उशाकडची भिंत, भाड्याची खोली, लाल कान... सगळं मोजायचं काम होतं. ती जिथे जीव टाकत होती तिथे तो गुण टाकत होता.

आणि हसतमुखला तीन. खरं सांगायचं तर तिला फसवणुकीपेक्षा तो तीनच जास्त झोंबला.

तिने कागद घडी करून पर्समध्ये कोंबला. कुणाला बोलली नाही.

गुरुवारी, त्याचा वार नसताना, तो आला. दाढी न केलेली. कुरबुर नाही. टेबलावर दोन्ही हात ठेवून खूप वेळ उभाच राहिला.

“एखाद्याला एखादी गोष्ट सांगायची असेल,” तो म्हणाला, “आणि सांगायला मनाई असेल... तर माणसं पूर्वी काय करायची? त्याबद्दल काही असेल का तुमच्याकडे?”

एरवी तिने विचारलं असतं. कुणाला सांगायचंय? कुणाची मनाई? सांगायचंय की फक्त कळावंसं वाटतंय? पण तिने मान वर केली नाही. उजवा हात उचलला आणि बोट दाखवलं.

“तिसरा मजला. डावीकडे. पत्रलेखन.”

देवघेवबाईचा शिक्का हवेतच थांबला. नऊ वर्षांत चौकशीने कुणाला बोट दाखवलेलं तिने पाहिलं नव्हतं.

तो क्षणभर त्या बोटाकडे बघत राहिला. मग “बरं” म्हणाला आणि गेला. जिन्याकडे नाही. दाराकडे. दार त्या दिवशी जरा जास्तच किंचाळलं.

तिने नोंदवहीत ओळ लिहिली. नऊ वर्षांची सवय. राग आला म्हणून ओळ चुकवायची नसते.

*

शुक्रवारी ग्रंथपालांनी सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावलं. तिथे तो खुर्चीत बसला होता, गुडघ्यावर फाइल, आणि दोन्ही बुटांना दोन रंगांच्या नाड्या.

“हे आपले परीक्षक,” ग्रंथपाल म्हणाले. “विद्यापीठांनी नेमलेले. वाचक म्हणून येतात, कुणाला कळू न देता सेवा तपासतात. अहवाल हातात पडेपर्यंत यांना एक शब्द बोलायची परवानगी नसते. लेखी शपथ असते तशी. आज अहवाल मिळाला. उद्या दुपारच्या बसने ते पुढच्या विद्यापीठाकडे निघतायत.”

“म्हणजे हा माणूस आपली परीक्षा घेत होता?” देवघेवबाई तिच्या कानाशी पुटपुटली. “आणि मी याला माझी छत्री दिली?”

अहवाल वाचून झाला. चौकशी टेबलाला सगळ्यात जास्त गुण होते. ‘ग्रंथालयाची सगळी माहिती कॉम्प्युटरवर येऊ शकेल, वाचकाला नेमके काय हवे आहे, हे ओळखणारे माणूस येणार नाही. हे टेबल हलवू नये.’ सगळ्यांनी तिच्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. शेवटची सूचना होती, मुख्य दाराच्या बिजागरीला तेल घालावे. ग्रंथपालांनी तिथल्या तिथे शिपायाला तेलाची बाटली आणायला धाडलं.

तो एकदाही तिच्याकडे बघत नव्हता. ती तर नव्हतीच बघत. पण दोघं कुठे बघत नाहीयेत हे खोलीतल्या प्रत्येकाला दिसत होतं. कुणी खोकलं, कुणी चहाचा विषय काढला. देवघेवबाईने ओठ घट्ट मिटून घेतले. ते तिला किती जड गेलं असेल ते तिलाच ठाऊक.

रात्री जेवताना तिने सहज, म्हणजे सहज वाटावं अशा बेताने, घरी सांगितलं की कपाबद्दल विचारणारे ते वाचक म्हणजे परीक्षक निघाले, आणि उद्या दुपारच्या बसने चाललेत. दादाने पाण्याचा तांब्या उगाच इकडचा तिकडे केला.

*

शनिवारी सकाळी डबा ठेवायला वहिनीने तिची पर्स उघडली आणि तो घडी केलेला कागद बाहेर आला. वहिनीने ओट्याला टेकून शांतपणे वाचला.

“हसतमुखला तीन? तुला?”

“दे इकडे.”

“थांब गं. हे खाली काय? ‘पाहणी पूर्ण, तारीख अठरा.’” वहिनीने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. “आज तर चार. अठरा तारखेला यांचं काम संपलं. मग पुढचे पंधरा-सोळा दिवस हा गृहस्थ काय विचारत होता?”

कागद घ्यायला पुढे केलेला तिचा हात मागे आला.

“यादीत प्रश्न किती?”

“दहा.”

“आणि त्याने विचारले किती?”

“मोजले नाहीत.”

“तू?” वहिनी म्हणाली. “तू मोजले नाहीस?”

तिने पर्स उचलली. चपला घालताना डावी उजव्या पायात गेली, उजवी डाव्या. दारात बाबा पेपर घेऊन बसले होते. त्यांनी पेपरातून डोकं न काढता, जणू कुणाला तरी हवामान सांगावं तसं, म्हटलं, “दुपारची ती गाडी दोन-चाळीसची. पण शनिवारी वीस मिनिटं उशिरा सुटते. नेहमी. तीनच धरायचे.”

तिने बाबांकडे पाहिलं. पेपर त्यांनी उलटा धरला होता.

*

ग्रंथालयात पोचून तिने नोंदवही काढली आणि कागद शेजारी ठेवला. बोटाने एकेक ओळ खाली येत गेली. मीठ, यादीत. तराजू, यादीत. दहाव्यापर्यंत सगळे यादीत. अकरावा, नाही. बारावा, नाही. सात प्रश्न होते ज्यांना यादीत जागा नव्हती.

डावखुऱ्या माणसांना कात्री कशी चालते. तिने पेन्सिल धरलेल्या आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं.

खिडकी नसलेल्या कोपऱ्यात जगेल असं रोप. टेबलाच्या कडेला बाटलीतली तिची वेल, दोन महिन्यांपासून पिवळी पडत चाललेली.

साखळीचा टाका. तिच्या करड्या स्वेटरची बाही.

सकाळी गुणगुणताना माणूस नेमका एकाच ओळीवर का अडतो. एका गावात किती दिवस राहिलं की माणसाला तिथला म्हणतात. कपाचा तुटलेला कान कशाने चिकटतो. आणि गुरुवारचा तो... सांगायला मनाई असेल तर माणसं काय करायची.

सगळ्यांच्या नेमक्या गरजा ओळखणारी ती. पंधरा दिवस तिच्या टेबलावर एक पत्र ओळी-ओळीने येत होतं, आणि तिने स्वतःच्या हाताने ते उतरवून घेतलं होतं, क्रमांक टाकून. शेवटच्या ओळीला बोट दाखवून हाकललंही होतं. आणि सतराही ओळींत तिसरा रकाना कोरा.

तिने घड्याळाकडे पाहिलं. अकरा. साडेअकरा. तो कुठे राहतो हे तिला ठाऊक नव्हतं. भिंतीला मीठ फुटलेली एक भाड्याची खोली, एवढाच पत्ता. पाहुण्या वाचकाचं कार्ड परत करायला यावं लागेल... पण ते टपालानेही पाठवता येतं. साडेबारा. ती उठली, बसली, वेलीला पाणी घातलं, पाच मिनिटांनी पुन्हा घातलं. दार आता आवाज करत नव्हतं. शिपायाने ओतलेल्या तेलामुळे ते लोण्यासारखं फिरत होतं, आणि कोण आलं, कोण गेलं, काही कळत नव्हतं. त्या किंचाळण्याची तिला एवढी आठवण येईल असं कुणी सांगितलं असतं तर तिने त्याला वेड्यात काढलं असतं.

पेन्सिल हातातून निसटून टेबलाखाली गेली. ती वाकली. पेन्सिल लांब गेली होती. ती गुडघ्यांवर आत शिरली.

“हे कार्ड घ्या,” वरून आवाज आला. देवघेवीच्या काउंटरपाशी.

“इथे घेत नाही,” देवघेवबाईचा आवाज.

“पण पाटीवर लिहिलंय, कार्ड इथे परत करावे.”

“पाटी जुनी आहे. चौकशीला विचारा. आणि माझी छत्री?”

“आणलीय.”

“राहू द्या तुमच्याकडे. परत द्यायला यावं लागेल असं काहीतरी माणसाजवळ असावं.”

बूट जवळ आले. एक नाडी काळी, एक तपकिरी. नाकासमोर, वीतभर अंतरावर. टाचेवरून चवड्यावर, चवड्यावरून टाचेवर.

“इथे कुणी नाही वाटतं,” तो हळूच म्हणाला, स्वतःशीच. “स्टेपलरलाच विचारतो.”

“त्याच्यात पिना भरल्यात आता,” ती म्हणाली आणि वर आली. केसांत जळमट होतंच.

तिने घडी केलेला कागद त्याच्यापुढे सरकवला.

“झेरॉक्समध्ये विसरला होतात.”

त्याचा चेहरा उतरला. “म्हणून परवा तुम्ही... कधी सापडला?”

“बुधवारी. हसतमुखला तीन दिलेत.”

“खोटं लिहिता येत नाही,” तो म्हणाला. “शपथ असते. तुम्ही बाकी सगळ्यांकडे बघून हसता. माझ्यावेळी वहीकडे बघायचात. मी ते लिहिलं आणि मग तीन दिवस तोच विचार करत बसलो, माझ्यावेळीच का.”

“दहा प्रश्न होते यादीत. तुम्ही सतरा विचारलेत.”

“मोजलेत?”

“आज सकाळी. उशीरच झाला मला.”

तो खाली बघून हसला. मग कार्ड टेबलावर ठेवलं, पण बोट त्यावरून उचललं नाही. “मी असा या गावाहून त्या गावाला. दीड महिना इथे, दोन महिने तिथे. बॅग कधी पूर्ण रिकामी केलीच नाही. अशा माणसाने कुणाला काय विचारायचं? पुढच्या विद्यापीठाचं पत्र आलंय. इथेही विचारलंय त्यांनी, कायमचं राहता का म्हणून, पाहणीचं काम इथूनच बघायला. दोन्हींपैकी एकाला आज उत्तर द्यायचंय.”

“मग काय ठरवलंत?”

“मला ठरवता येत नाहीये. मी प्रश्न विचारून बघितले सगळे. सतरा.” त्याने तिची नोंदवही स्वतःकडे वळवली, तिच्या हातातली पेन्सिल अलगद काढून घेतली, आणि वाचकांच्या स्टुलावर न बसता टेबलाला वळसा घालून तिच्या बाजूला येऊन उभा राहिला. “नियमावलीत तरतूद नाही, ठाऊक आहे. पण तुम्ही जरा त्या बाजूला जाता का?”

ती गेली. नऊ वर्षांत पहिल्यांदा ती आपल्याच टेबलाच्या पलीकडे उभी होती. तिथून पाटी किती मोठी दिसते, आणि तिच्याखाली उभं राहिलेलं माणूस किती लहान, हे तिला तेव्हा कळलं. वाचक का चाचरतात तेही कळलं.

“बोला,” तो म्हणाला. पेन्सिल पहिल्या रकान्यावर. “काय हवंय?”

तिने इकडेतिकडे पाहिलं. देवघेवबाई शिक्का हातात धरून पुतळ्यासारखी बसली होती. वाचनकक्षात पानही वाजत नव्हतं.

“मला... बसचं वेळापत्रक हवंय,” ती म्हणाली.

“कुठल्या बसचं?”

“दोन-चाळीसची. शनिवारी तीनला सुटते ती.”

त्याने लिहिलं. “कशासाठी हवंय? पकडायला?”

“नाही.” तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. “चुकवायला.”

पेन्सिल थांबली. त्याचे कान लालभडक झाले होते, पण या वेळी त्याने नजर वळवली नाही. “आणि कधीपर्यंत हवंय?”

तो तिसरा रकाना. सतरा ओळी ती ज्याला भ्यायली होती, तो. तीन वर्षं घरात सगळे ज्याच्या कडेकडेने चालत होते. ती काहीतरी बोलायला गेली, “नाही, म्हणजे... बस तशी वेळेवर...” आणि थांबली.

त्याने पेन्सिल खाली ठेवली.

“वाचक पहिल्यांदा जे विचारतो ते त्याला हवं नसतं,” तो म्हणाला. “तुम्हीच सांगितलंत मला, तराजूच्या वेळी. मी कुठलीच यादी घेऊन आलेलो नाही. नेमकं सांगा.”

तिने मान वर केली. वहीकडे पाहिलं नाही. त्याच्याकडे बघून, पाचपैकी पाच, हसली, आणि सगळ्या ग्रंथालयाला ऐकू जाईल एवढ्या स्वच्छ आवाजात म्हणाली,

“तुम्ही हवे आहात. जाऊ नका.”